धावपट्टीवरची येळवस

दगड धुता धुता गोदावरीबाईंचा हात थांबला.

गच्चीवर कडब्याचा कोप, म्हणजे पूजेचं छोटं खोपट, उभा होता. त्यांच्या पुतण्याने, गंधारने, तो काल माणूस लावून करून घेतला होता. पेंढ्या एकसारख्या, सुतळी नवी, वरून शाल पांघरलेली. कोपाच्या आत पाच पांढरे दगड ओळीने मांडलेले. पांडव घरी आणले, असं तो कालपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. आता दर येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेला, विमानतळाच्या फाटकाशी जाऊन उभं राहायला नको, घरच्या घरी पूजा, घरच्या घरी आंबील.

गोदावरीबाईंनी तांब्यातलं पाणी दुसऱ्या दगडावर सोडलं, तळव्याने चोळलं आणि तळवा उलटून पाहिला. बोटं ओली होती, पांढरी नव्हती. पांडवांना दर वर्षी चुना लावतात, थोडा खळग्यांत उरतो. धुतले की तो बोटांना लागतो, नखांत बसतो, संध्याकाळपर्यंत जात नाही. लग्न होऊन सोनवळला आल्यापासून प्रत्येक येळवशीला त्यांची बोटं पांढरी झाली होती. ह्या दगडांना मात्र तेलाचा रंग होता, नवाकोरा, चकचकीत.

तांब्या त्यांनी बाजूला ठेवला. नेहमीचं स्तोत्र ओठांतल्या ओठांत पुरं केलं, मग जिन्याकडे वळून गंधारच्या बायकोला हाक दिली.

"शिवकांता, मामंजी काय करतात?"

"पेपर वाचून राहिलेत, मोठी आई. भज्जी कधी होणार म्हणून दोनदा विचारलं."

"त्यांना वर आण. हात धरून आण, घाई करू नकोस."

"नैवेद्य झाला?"

"नाही अजून," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी पाणीही घेतलेलं नाही."

हे शिवकांताला सांगायची गरज नव्हती. येळवशीला पांडवांना आंबील दाखवल्याशिवाय मोठी आई घोटभर पाणी घेत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सांगण्याच्या सुरात आज काहीतरी वेगळं होतं, म्हणून शिवकांताने परातीतलं बेसन तसंच सोडलं.

*

बापूसाहेब जिना चढत होते आणि मनातल्या मनात नातवाची बाजू घेत होते. गेला पंधरवडा घरात हाच वाद होता आणि त्यात त्यांचं मत गंधारकडे पडलं होतं. विमान येणार असेल तर दगड हलवा, असं ते स्वतः जेवताना म्हणाले होते. थोरल्या सुनेने तेव्हा ताटावरून मान वर केली नव्हती. ती भांडली असती तर सोपं गेलं असतं.

विमानासाठी त्यांनी अख्खा जन्म घातला होता. मोठ्या दुष्काळात ते सोनवळचे नगराध्यक्ष होते, वय कोवळं, डोकं गरम. गावोगावी दुष्काळी कामं निघाली. कंधारकडे रस्ते झाले, नायगाव-उमरीकडे तलाव झाले, आणि ह्यांनी सांगितलं, आमच्या नगरपालिकेला हवाईअड्डा पाहिजे. लोक हसले. प्यायला पाणी न्हाई आणि अध्यक्षाला विमान लागतंय, असं भर बाजारात तोंडावर बोलले. जमीन द्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी स्वतःचं पूर्वेकडचं रान दिलं. बायको फक्त एवढंच म्हणाली होती की जमीन द्या, माझं काही म्हणणं नाही, पण माझे पांडव तिथं आहेत, येळवस मी तिथंच करणार. आणि ती करत राहिली. तिच्यामागे गोदावरीने केली. नांगर गेला, पेरणी गेली, धावपट्टी झाली, पण वर्षातला तो एक दिवस नगरपालिका फाटक उघडत होती.

"या, आजोबा," गंधारने खुर्ची पुढे केली. "बघा कसा झालाय कोप. हनीफचाचा पण आले."

हनीफ कोपऱ्यात उभा होता, हातात पावट्याच्या शेंगांची पिशवी. विमानतळाच्या रखवालीतून निवृत्त होऊनही येळवशीच्या भज्जीला, त्या बेसन लावलेल्या मिसळभाजीला, लागणाऱ्या शेंगा त्याच्याच रानातून येत. त्याने सलाम केला, पण त्याची नजर कोपातच अडकली होती.

बापूसाहेब वाकले. काठीचं टोक त्यांनी मधल्या दगडाच्या माथ्यावर ठेवलं. टोक घसरलं आणि रंगाने बुजत आलेल्या एका भोकात जाऊन बसलं.

त्यांनी काठी उचलली, शेजारच्या दगडावर ठेवली. तिथंही भोक होतं.

"हे कुठनं आणले?"

"पूर्वेच्या टोकाकडून. पांडव आहेत, आजोबा."

"पांडवांच्या डोक्यात भोक असतं का रे?"

गंधारने वाकून भोकात बोट घातलं.

"झेंडी लावायला पाडलेली हायेत ही भोकं. वैमानिकाला वरनं कड दिसावी म्हणून. मी पाडून घेतली." बापूसाहेबांनी काठी पुन्हा त्या भोकात टेकवली. "हे पांडव न्हाईत. हे माझ्या धावपट्टीचे दगड हायेत."

"अम्मीच्या टोळीनं घडवलेले," हनीफ हळूच म्हणाला. "दुष्काळात तिची, हुसेनबीची टोळी पूर्वेच्या टोकालाच होती, बापूसाब. मी आल्या आल्या वळखले. म्हटलं, आज दावत कुणाची हाय, विचारावं का न्हाई."

शिवकांताने पदर तोंडाला लावला. "म्हणजे मी सकाळी धावपट्टीला हळदकुंकू वाहिलं?"

"हसू नको," गंधार म्हणाला.

"हसत नाही. मी दोन उदबत्त्या पण लावल्या."

गंधारने मान खाली घातली. मग सरळ झाला. चूक झाली तर झाली, मुद्दा तो नव्हता. "तिथं दुसरे पांढरे दगड नव्हतेच, मोठी आई. मी सगळं फिरून पाहिलं."

"नसणारच. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, बाळा. येळवशीच्या सकाळी आपण लावतो तेव्हा ते पांढरे होतात." गोदावरीबाई हात पुसत होत्या. "तू त्यांना उघडे कधी पाहिलेच नाहीस. तू येतोस तेव्हा वर कोप असतो, आणि तू बाहेर पंगतीत असतोस."

ते खरं होतं. घरातल्या एकाही पुरुषाने ते दगड उघडे पाहिलेले नव्हते. बापूसाहेबांनाही हे आत्ता उमगलं. झेंडीचे दगड त्यांना अंधारात हाताने ओळखता आले असते. बायकोचे पांडव कसे दिसतात, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

"ठीक आहे. चुकलं माझं," गंधार म्हणाला. "उद्या जाऊन खरे आणतो. आज ह्यांनाच नैवेद्य दाखवा. भाव महत्त्वाचा."

"भाव आहे. पण दुसऱ्याची वस्तू पुढ्यात ठेवून मी पूजा करत नाही. विमानतळाचे दगड आहेत, ते विमानतळावर पोचते करू. चल."

"आत्ता?"

"स्वयंपाक गाडीत ठेवू. कोप सोडून पेंढ्याही घेऊ."

गंधारला समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा तो गच्चीच्या कठड्याला टेकला. "मोठी आई, मी कंपनीला शब्द दिलाय. नगरपालिकेनं त्यांना विमानतळ चालवायला दिला, त्यांची पहिली अट हीच होती. आत कुणाची वहिवाट नको. मी सांगितलं, आमच्या घरचं मी बघतो. पुढच्या महिन्यात मुंबईचं विमान सुरू होतंय. कशासाठी धडपडतोय मी? पप्पांना दवाखान्यात नेताना सोलापूरच्या रस्त्यावर..."

त्याने कठड्यावरची सुतळी उचलली आणि बोटाला गुंडाळली.

"भुजंगभाऊजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं," गोदावरीबाई म्हणाल्या. "तू पुढे ड्रायव्हरजवळ होतास. प्रत्येक खड्ड्याला ते माझा हात दाबत होते. विमान यावं असं मला तुझ्यापेक्षा कमी वाटत नाही, गंधार."

"मग झालं तर."

"मग विमान यावं. पण त्यासाठी आपण का जायचं?"

गंधारने आजोबांकडे पाहिलं. पंधरा दिवस हा माणूस त्याच्या बाजूने होता.

"माझ्याकडं काय बघतो?" बापूसाहेब म्हणाले. "माझ्या धावपट्टीची कड उपटून घरी आणलीस. ते दगड जागच्या जागी लागेपर्यंत मला भज्जी गोड लागायची न्हाई. हनीफ, गाडी कुठं हाय तुझी?"

"खालीच हाय."

"मग चला."

*

शिवकांता मोठ्या आईशेजारी हनीफच्या टेम्पोच्या हौद्यात पेंढ्यांना टेकून बसली होती. मांडीवर आंबिलाचं मडकं, पायाशी पोत्यावर पाच दगड. पुढे बापूसाहेब आणि हनीफ, मागून गंधारची मोटारसायकल. तो येत होता, पण अंतर ठेवून.

तिला नवऱ्याचा राग येत नव्हता. विमानतळावर त्याला साहेबाची खुर्ची मिळणार होती आणि ती तिलाही हवी होती. माहेरी कंधारला तिने सांगूनही टाकलं होतं. पण काल तो हे दगड घेऊन आला, तेव्हा म्हणाला होता की मोठी आई म्हातारी झाली, तिला काय कळतंय. ते वाक्य तिला रात्रभर टोचलं होतं. कारण तिच्या नंतर येळवस शिवकांतालाच करायची होती. म्हणजे तिलाही एक दिवस काही कळणार नव्हतं.

"मोठी आई, आत सोडतील का?"

"विचारू."

"नाही सोडलं तर?"

"फाटकाशी बसू. माझा उपास मोडायला मला घाई नाही." गोदावरीबाईंनी मडक्याचं फडकं नीट केलं. "तुला भूक लागली असेल तर बाजरीचा उंडा खा एक. सुनेला नेम नसतो."

"मीही तुमच्याबरोबरच खाईन."

गोदावरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि हात पुढे करून तिच्या केसांतलं कडब्याचं पातं काढलं.

फाटक नवं होतं, निळ्या पत्र्याचं. पूर्वी इथं लोखंडी आडवी दांडी असायची. हनीफ ती एका हाताने उचलायचा. मधल्या वर्षांत विमानं कमी आणि गाव जास्त आत असायचं. पट्टीवर लोक ज्वारी वाळत घालत, पोरं मोटारसायकल शिकत, एकदा मुंबईचं छोटं विमान काही महिने आलं आणि बंद पडलं. आता फाटकाशी कंपनीच्या गणवेशातला सिद्धराम उभा होता, उदगीरकडचा.

"आत सोडायला परवानगी न्हाई, बाई."

"आम्ही तुमचं सामान परत द्यायला आलोय," गोदावरीबाई म्हणाल्या. "धावपट्टीचे दगड आहेत. चुकून आमच्याकडे आले."

सिद्धरामने पोत्यात पाहिलं. "अरे देवा. काल सायेब वरडत होते, दगड कुणी चोरले म्हणून. ठेवा हितं."

"इथं ठेवून काय करतोस?" बापूसाहेब खाली उतरले होते. "विमान काय फाटकाकडं बघून उतरतंय? कडेचे दगड कडेला लागतात. आणि लावायचे कसे ते ह्या हनीफला ठाऊक हाय. तुला हाय का?"

"ते मला काय ठाव, मालक. मला एवढंच सांगितलंय, आत सोडायचं न्हाई."

"कुणी सांगितलं?"

सिद्धराम घुटमळला. मागे मोटारसायकल थांबली होती. त्याने तिकडे बोट केलं नाही, पण नजर गेली. "आता गंधारसाहेबच आलेत, त्यांनाच विचारा की. त्यांनीच सांगितलं व्हतं काल. आमच्या घरची माणसं आली तर बिलकुल सोडू नको, रडली-पडली तरी."

शिवकांताने मडकं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि फाटकासमोर जाऊन उभी राहिली, नवऱ्याकडे तोंड करून. लग्नात उभी होती तशीच शांतपणे.

"रडत तर कुणीच नाही, सिद्धरामदादा," ती म्हणाली. "पडतही नाही."

*

दगड लावून येऊ दे, असं गंधारच म्हणाला. तेवढंच म्हणाला.

पूर्वेच्या टोकाला काल त्याने उकरलेले खड्डे तसेच होते. हनीफने दगड एकेक करून बसवले, भोक वर आणून, माती पायाने दाबून. बापूसाहेब काठीने ओळ दाखवत होते. सगळं व्हायला वेळ लागला नाही. गंधारने सुटकेचा श्वास घेतला आणि मागे वळला, तर मोठी आई जागेवर नव्हती.

ती पट्टीपासून लांब, कुंपणालगतच्या वाळक्या गवतात गुडघे टेकून बसली होती. हाताने गवत बाजूला सारत होती. मग तिने गवत सारणं थांबवलं.

गंधार जवळ गेला. मातीच्या रंगाचे, वाटोळे, बुटके पाच दगड होते. काल तो ह्यांच्यावरून चालत गेला असणार. मोठ्या आईने तांब्यातलं पाणी घातलं, तळव्याने चोळलं. माती निघाली आणि खालून मागच्या वर्षीचा चुना दिसला, थोडासा, खळग्यांत राहिलेला. तिने चुन्याची वाटी पुढे ओढली.

"मोठी आई, दगड लागले. निघू या आता."

"हो, लागले."

"निघू या म्हणतोय मी."

"ऐकलं मी." तिचा आवाज देवघरात असतो तसाच होता. "मी निघणार नाही. पूजा होईल, जेवणं होतील, दिवस मावळताना पेटता हेंडगा फिरेल, मग निघू. दर वर्षीसारखं. तुला शब्द पाळायचा असेल तर तू फाटकाशी जाऊन थांब. तू दिलास, तू पाळ. मला कुणी विचारलं नव्हतं."

"ते पोलीस बोलावतील."

"बोलावू दे. त्यांनाही जेवायला बसवू. आंबील पुष्कळ आहे."

"इथं आग लावता येणार नाही. हा विमानतळ आहे."

ह्यावर हनीफ बोलला. तो पेंढ्या उभ्या करत होता, पाठमोरा. "भूकंपाच्या साली डॉक्टरांचं विमान आलं ना, गंधारबाबा, तवा दिवस बुडून राहिला होता. हितं दिवे कुठले? दिगंबरभाऊ आन् मी गोठ्यातल्या कडब्याच्या पेंढ्या आणल्या, ह्याच भोकांत रोवल्या आन् पेटवल्या. वहिनी त्या टोकाला, मी ह्या टोकाला. विमान उतरलं. ह्या पट्टीवर पहिली आग तुमच्याच घरची हाय."

दिगंबरभाऊ म्हणजे मोठे काका. ते गेले तेव्हा गंधार कॉलेजात होता. ही गोष्ट त्याने ऐकली होती, पण त्यात मोठी आई होती हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. कोप उभा राहिला, तिरका, गच्चीवरच्यापेक्षा ओबडधोबड. पांडव पांढरे झाले. शिवकांता आणि मोठी आई आंबील शिंपडत कोपाभोवती फिरल्या. नैवेद्य झाल्यावर मोठ्या आईने दिवसातलं पहिलं पाणी घेतलं, आणि भज्जीचं पहिलं वाढप बापूसाहेबांच्या पानात पडलं. सिद्धराम फाटकावरून दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो टोपी काढून उभा राहिला.

"घरी येळवस हाय आमच्या पण," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आई वाट बघत आसंल."

"बस," मोठी आई म्हणाली.

"ड्युटी हाय, बाई."

"मग उभ्याने खा." तिने द्रोण त्याच्या हातात दिला. तो फाटकाकडे पाठ करून खाऊ लागला.

ऊन उतरलं. पट्टी लांबच लांब, राखाडी, दोन्ही कडांना पांढरे ठिपके. हनीफने वाळल्या गवताचा हेंडगा वळला आणि गंधारच्या पुढ्यात आणून ठेवला. मोठे काका गेले, पप्पा गेले, तेव्हापासून पेटता हेंडगा घेऊन शेताभोवती धावायचं काम त्याचं होतं. कुणी त्याला आग्रह केला नाही. बापूसाहेब पश्चिमेकडे बघत बसले होते. मोठी आई भांडी आवरत होती.

खिशातला फोन वाजला. मॅनेजरचं नाव होतं. कुणीतरी कळवलं असणार. कॅमेरे तर काल बसवले होते, त्यानेच उभं राहून बसवून घेतले होते.

फोन वाजत राहिला. खुर्ची त्या आवाजातच होती, हे त्याला कळत होतं. त्याने मोठ्या आईच्या हातांकडे पाहिलं. ती परात घासत होती आणि नखांत चुना होता.

त्याने फोन आजोबांच्या मांडीवर ठेवला, हेंडगा उचलला आणि हनीफपुढे धरला.

"पेटवा, चाचा."

गवताने एकदम पेट घेतला. गंधार धावला. कुंपणाकडून कडेला, मग कडेकडेने, हुसेनबीच्या टोळीने घडवलेल्या दगडांच्या बाजूने. ठिणग्या मागे उडत होत्या. शिवकांताने पारंपरिक हाक दिली आणि फाटकापासून सिद्धरामने ती उचलली, त्याच्या गावाकडच्या सुरात.

फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. बापूसाहेबांनी तो कानाला लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. बापूसाहेबांनी त्याला बोलू दिलं. डोळे पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे पोचलेल्या जाळावर होते.

"हाव," ते शेवटी म्हणाले. "मी बापूसाहेब. न्हाई, गंधार न्हाई बोलू शकत. तो पट्टीवर हाय." त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने काय सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं आणि परात पालथी ठेवली.

"ऐका साहेब. विमानांचं वेळापत्रक लावाल, तेव्हा येळवशीची संध्याकाळ रिकामी ठेवा. दर वर्षी. आणि आज पट्टी कामात हाय. उद्या फोन करा."